कोशासाठी वर्गणी : अर्थ जाणण्याच्या हक्काचा प्रश्न

गेल्या वर्षावासात एका नवदीक्षित कुटुंबाच्या घरी वंदनेस बसण्याचा योग आला. त्रिशरण झाले, पंचशील झाले. लहानथोरांचे उच्चार स्वच्छ होते. कोणी अडखळले नाही. वंदना आटोपल्यावर आठवीत शिकणाऱ्या मुलीने मला विचारले, "वकीलकाका, 'सिक्खापद' म्हणजे शिक्षा ना? मग शील मोडले तर शिक्षा कोण देतो? आणि 'समादियामि' म्हणजे काय?" मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो, तोच तिचे वडील म्हणाले, "पोरी, असे विचारू नये. वंदनेतले शब्द आहेत ते."

गोष्ट एवढीच, परंतु ती मनात सलत राहिली. त्या गृहस्थांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते कष्टाळू आहेत, सज्जन आहेत, आणि दीक्षेसाठी त्यांनी भावकीचा रोष पत्करला आहे. परंतु अर्थ कळला नाही तरी चालेल, उच्चार शुद्ध असला म्हणजे झाले, ही तर आपण सोडून आलेल्या व्यवस्थेची शिकवण होती! देव्हाऱ्याबरोबर तीही घराबाहेर गेली असे आपण समजत होतो. ती पालीचे वस्त्र पांघरून मागच्या दाराने परत येत असेल, तर आपण वेळीच सावध झाले पाहिजे. आणि खरे सांगायचे तर लाज मला माझीच वाटली. वीस वर्षे न्यायालयात लॅटिन वचने उच्चारणाऱ्या या वकिलाला आपल्या पंचशीलातील एका क्रियापदाचा नेमका अर्थ सांगता आला नाही.

वकिलीच्या धंद्यात लॅटिनचा दरारा मोठा. मी नवखा असताना एका ज्येष्ठ वकिलांनी चारचौघांत माझ्या लॅटिन उच्चारांची टर उडविली होती. मी नम्रपणे त्या वचनाचा अर्थ विचारला, तेव्हा तो त्यांनाही सांगता येईना. त्या दिवशी मला उमगले की, न कळणाऱ्या भाषेचा उपयोग पुष्कळदा सत्य सांगण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला गप्प बसविण्यासाठी होतो.

इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये न्यायालयाची दप्तरे शतकानुशतके लॅटिनमध्ये लिहिली जात. ज्याचे घर, शेत वा स्वातंत्र्य पणाला लागलेले असे, त्यालाच आपल्या खटल्याचा कागद वाचता येत नसे. संसदेच्या कायद्याने १७३३ सालापासून तेथे इंग्रजी आली. रोमन कॅथॉलिक चर्चची मुख्य उपासना तर १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत सर्वसाधारणपणे लॅटिनमध्येच चाले. आणि आपल्या संविधानाचा ३२ वा अनुच्छेद पाहा. त्याला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संविधानाचे हृदय आणि आत्मा म्हटले. त्या अनुच्छेदातही लॅटिन शब्द आहेत. 'हेबिअस कॉर्पस' म्हणजे 'देह हजर कर'. 'मँडेमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. 'क्वो वॉरंटो' म्हणजे 'कोणत्या अधिकाराने?' अर्थ कळेपर्यंत हे शब्द वकिलाचे असतात. अर्थ कळला की ते नागरिकाचे होतात.

ही मालकी बदलण्याचे काम शब्दकोश करतो. लॅटिनचा जो कोश आज जगभर चाळला जातो, त्याची कुळकथा आपण ऐकण्यासारखी आहे. तिचा आरंभ विल्हेल्म फ्रॉइंड या जर्मन ज्यू विद्वानाच्या कोशापासून होतो. हा कोश १८३४ ते १८४५ या काळात प्रसिद्ध झाला. फ्रॉइंडची सुमारे वीस वर्षे मुख्यतः खाजगी शिकवण्या करण्यात गेली. प्रशियातील ज्यूंना समान नागरी हक्क मिळावेत या चळवळीतही त्याने भाग घेतला. ज्या समाजाला पूर्ण नागरिकत्व नव्हते, त्या समाजातील एका शिक्षकाने राजदरबार, चर्च आणि न्यायालय यांच्या भाषेची किल्ली घडविली! अमेरिकेत तिचे इंग्रजी रूपांतर झाले, आणि १८७९ मध्ये चार्लटन लुइस व चार्ल्स शॉर्ट यांनी ते नव्याने सिद्ध केले. शॉर्ट हे कोलंबियात लॅटिनचे प्राध्यापक होते. पुढे बाबासाहेब शिकावयास गेले ते हेच कोलंबिया. त्यांच्या वाट्याला 'ए' हे एकच अक्षर आले. उरलेला सारा कोश लुइस यांनी पुरा केला. आणि हे लुइस न्यूयॉर्कमधील वकील होते.

दोन हजारांवर पानांचा हा ग्रंथ सामान्याच्या घरात कोठून येणार? टफ्ट्स विद्यापीठातील पर्सियस प्रकल्पाने तो शब्द न् शब्द संगणकावर चढविला. खर्चाला अमेरिकेच्या मानव्यविद्या निधीने, म्हणजे सार्वजनिक पैशाने, साहाय्य केले. पुढे पर्सियसने तो मुक्त परवान्याने जगाला खुला केला. परिणाम असा झाला की, इतरांनी त्यावर आपापली साधने उभारली, आणि आज कोणत्याही खेड्यातील मुलगा मोबाईलवर तो फुकट पाहू शकतो. याहून विशाल असा लॅटिनचा महाकोश १८९४ मध्ये जर्मन भाषक देशांतील पाच अकादमींनी मिळून हाती घेतला. म्युनिकमध्ये त्याच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. सव्वाशे वर्षे उलटली, दोन महायुद्धे होऊन गेली, तरी काम चालू आहे; १९४९ पासून त्याचा भार अनेक राष्ट्रांनी मिळून उचलला आहे. त्याचे प्रसिद्ध भागही २०१९ पासून सर्वांना विनामूल्य पाहता येतात. कोश हा एका धनिकाच्या लहरीवर उभा राहत नाही. पुष्कळांनी थोडे थोडे दिले म्हणजे तो उभा राहतो, हा या कथेचा बोध होय.

पालीचा अनुभवही असाच आहे. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापिली. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ सिलोनमध्ये नोकरीस असताना पाली शिकला होता. सोसायटीच्या पहिल्या वर्गणीदारांत सिलोनचे भिक्खू होते. ज्यांच्याजवळ चीवर आणि भिक्षापात्र यांखेरीज मालमत्ता नव्हती, त्यांची नावे वर्गणीदारांच्या यादीत लागली! त्याच सोसायटीचा पाली-इंग्रजी कोश १९२१ ते १९२५ या काळात निघाला, आणि आज तो संगणकावर खुला आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी रात्री त्यातच शोधले.

मग आपल्याला उणे काय आहे? उणे आहे ते मराठीचे, आणि ते इंग्रजी कोशाने भरून येणारे नाही. पाली आणि मराठी या एकाच रक्ताच्या भाषा. म्हणूनच मराठी माणूस पालीत अधिक फसतो. 'सिक्खा' हा शब्द ऐकताच आपल्याला 'शिक्षा', म्हणजे दंड आठवतो. पालीत त्याचा अर्थ शिकणे, अभ्यास करणे असा आहे. सिक्खापद म्हणजे अभ्यासाचा नियम. 'वेदना' म्हटले की आपल्याला दुखणे आठवते. पालीत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही संवेदनांना वेदना म्हणतात. 'उपेक्खा' म्हणताच आपल्या मनात 'उपेक्षा' उभी राहते. पिढ्यान् पिढ्या आपल्या वाट्याला आलेली ती उपेक्षा कोण विसरेल? परंतु धम्मात उपेक्खा ही चार ब्रह्मविहारांपैकी एक आहे. तिचा अर्थ दुर्लक्ष नव्हे, तर चित्ताचा समतोल. लंडनच्या वाचकाला हा धोकाच नाही. म्हणून लंडनचा कोश आपल्याला या ठिकाणी सावध करीत नाही. तो इशारा मराठी कोशच देऊ शकतो.

आणि 'समादियामि'? त्याचा अर्थ, 'मी स्वतः अंगीकारतो'. प्रथमपुरुषी, एकवचनी क्रियापद. कोणी वरून आज्ञा करीत नाही आणि कोणी दंड देत नाही. माणूस आपल्या बुद्धीने आपल्यालाच वचन देतो. आज्ञा आणि वचन यांतील अंतर कायद्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या मुलीला हे समजले असते, तर 'शिक्षा कोण देतो' हा प्रश्नच उरला नसता. एका क्रियापदात आपल्या धर्मांतराचे सार साठविलेले आहे, आणि आपण ते दररोज न समजता उच्चारतो!

परमपूज्य बाबासाहेबांनी हा धोका पुरता ओळखला होता. विद्यार्थिदशेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावयास लावले. भाषेचे दार तोंडावर बंद होणे म्हणजे काय हे त्यांनी भोगले होते. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पालीतून त्रिशरण-पंचशील घेतल्यावर त्यांनी २२ प्रतिज्ञा मराठीतून दिल्या. आणि म्हणूनच देशाच्या कामाचा डोंगर डोक्यावर असतानाही त्यांनी पालीचा कोश रचला. तो महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात पाली शब्दांचे मराठी अर्थही आहेत. पाया बाबासाहेबांनीच घातला आहे. त्यावर भिंती कोणी चढवावयाच्या?

सामग्रीही हाताशी आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत संगणकावर उपलब्ध केले आहे. चिल्डर्सचा १८७५ चा पाली कोश प्रताधिकाराच्या बंधनातून केव्हाच मोकळा झाला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा दिला. आता हवा आहे तो मराठी माणसाच्या मोबाईलवर सहज उघडणारा, प्रत्येक अर्थाला त्रिपिटकातील आधार देणारा, फसव्या शब्दांविषयी सावध करणारा आणि कायमचा मुक्त असा पाली-मराठी कोश.

पैसा? हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध आहेत. त्यांपैकी फक्त १०,००० कुटुंबांनी, म्हणजे शंभरांत एकानेही नव्हे, दरमहा ५० रुपये दिले, तर वर्षाला ६० लाख रुपये जमतात. सहा संपादकांना दरमहा ५०,००० रुपये वेतन दिले, तर ३६ लाख लागतील. उरलेल्या २४ लाखांत संगणकाचे काम, तपासणी आणि कार्यालय चालेल.

परंतु भावनेच्या भरात कोणी पैसे देऊ नयेत. फसलेल्या वर्गण्यांचे खटले मी पाहिले आहेत. म्हणून माझ्या अटी स्पष्ट आहेत. पहिली, प्रथम केवळ वचने गोळा करावीत. अमेरिकेतील लोगोस ही संगणकीय ग्रंथांची प्रकाशनसंस्था जुन्या ग्रंथांसाठी हीच रीत वापरीत आली आहे : वाचक आधी मागणी नोंदवितात, खर्च भरून निघेल इतकी नोंदणी झाली तरच काम सुरू होते आणि तोवर पैसे घेतले जात नाहीत. दुसरी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासाची नोंदणी व्हावी आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी छापावा. तिसरी, प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येक संपादकाकडून लेखी हक्कपत्र घ्यावे, आणि कोश मुक्त परवान्यानेच प्रसिद्ध व्हावा. म्हणजे उद्या न्यासात भांडणे झाली तरी कोश कोणाच्या कपाटात बंद होणार नाही. चौथी, बाबासाहेबांचा कोश त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रथम प्रसिद्ध झाल्याने त्याचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. तेव्हा त्याच्या उपयोगासाठी हक्कदारांची रीतसर अनुमती घ्यावी. पाचवी, पाच लाख देणाऱ्याला पन्नास देणाऱ्याहून अधिक मत नसावे.

काही बांधव विचारतील, मुलांना वसतिगृह नाही, अत्याचाराच्या खटल्यांना पैसा नाही, आणि तुम्ही कोश कसला मागता? आक्षेप खरा आहे, आणि मी तो झटकून टाकीत नाही. जेथे या दोहोंत निवड करावी लागेल, तेथे अत्याचारपीडिताच्या खटल्यालाच आधी द्या. परंतु जयंतीच्या रात्री ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर आपल्या वस्त्यांत जो पैसा उडतो, तो कोणत्या वसतिगृहातून काढून घेतलेला असतो? कोशाची वर्गणी तेथून काढा. दुसरे म्हणतील, मुले इंग्रजी शिकली आहेत, त्यांना इंग्रजी कोश पुरे. मुले शिकली, वंदना सांगणाऱ्या आईचे काय? तिसरे म्हणतील, आता यंत्रच भाषांतर करते. यंत्राला शिकवायला तरी कोणी मराठीत बिनचूक लिहून ठेवले पाहिजे ना?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात, म्हणजे वेदाच्या भाषेच्या धर्तीवर, बसविण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती साफ नाकारली, आणि ते 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपल्या भाषेत शिकावे असे सांगितले. 'आपल्या' म्हणजे शिकणाऱ्याच्या की बुद्धाच्या? आचार्य बुद्धघोषांनी बुद्धाची मागधी असा अर्थ घेतला. अनेक आधुनिक अभ्यासक शिकणाऱ्याची बोली असा घेतात. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. परंतु माझ्यावर विश्वास ठेवू नका, बुद्धघोषांवरही डोळे मिटून ठेवू नका. कोश उघडा, शब्द पाहा, आणि स्वतः ठरवा. तसे ठरविता यावे यासाठीच तर ही वर्गणी आहे.

उपासक-उपासिकांनो, येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपापल्या विहारात एक वही ठेवा. जे कुटुंब वचन देईल त्याने आपले नाव आणि दरमहाची रक्कम लिहावी. पैसा आज कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला घरातील मुलांनी वंदनेतील न कळलेले शब्द लिहावेत. कोशाच्या कामाचा आरंभ त्याच शब्दांपासून होऊ द्या. आणि मूल अर्थ विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका.

जय भीम!