नायटा बरा का होत नाही? उत्तर त्वचेच्या तपासणीत आहे

मांडीच्या सांध्यात खाज, दुकानातून आणलेली ट्यूब, चार दिवस आराम आणि मग दुप्पट पसरलेला चट्टा. तुमच्या घरात हे घडत असेल, तर डॉक्टर कपडे बाजूला करून नीट पाहू द्या म्हणतात तेव्हा संकोच करू नका.

नायटा म्हणजेच गजकर्ण ओळखायचे ते त्याच्या कडेवरून. गोल चट्टा, मध्यभागी त्वचा बरीचशी स्वच्छ, कडेला लालसर किंवा काळसर, उंचावलेली, कोंडा सुटणारी रेघ. स्टेरॉइड असलेले मलम लावले की सूज आणि खाज दबते, कडा पुसट होते. बुरशी मात्र आत वाढत राहते. आम्ही याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतो, वेष पालटलेला नायटा. अनुभवी डॉक्टरही फसू शकतो. म्हणून आम्ही उजेडात पाहतो, कंबर, नितंब, काखा, नखे सगळे तपासतो, कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत तुम्ही दाखवाल तेवढीच जागा दिसते. जांघेत पांढरट ताणरेषा दिसल्या, तर मलम बरेच दिवस चालू होते हे तुम्ही न सांगताही कळते. त्या रेषा सहसा पूर्ण जात नाहीत.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्षात चिठ्ठी किती ठिकाणी मागतात, हे तुम्हालाच ठाऊक! नुसत्या दुकानदाराला दोष देऊनही भागत नाही. शेजारणीने सुचवलेली ट्यूब आपणच मागतो.

दुसरीकडे बुरशीही बदलली. भारतात पसरलेल्या एका प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद झाली. त्यांतली एक महिला अलीकडच्या काळात परदेशी गेलेली नव्हती.

तेव्हा तपासणीला जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. त्या दिवशी चट्ट्यावर काही लावू नका, पावडरही नाही. आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, एकच टॉवेल वापरत असाल, तर त्यांनाही सोबत घेऊन जा.