अमेरिकेतल्या कॉलेजची फी कोण भरते?

अमेरिकेतील खासगी कॉलेजात चार वर्षांच्या पदवीसाठी जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या फीचा मोठा वाटा कोणी उचललाच, तर तो बहुधा ते कॉलेजच उचलते. अमेरिकी सरकार उचलत नाही. पेल ग्रँट हे सरकारी अनुदान आणि केंद्र सरकारची विद्यार्थी कर्जे तेथील नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसारख्या मोजक्या गटांसाठी आहेत. त्यांच्यासाठी भरायचा फाफ्सा हा अर्ज एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहे. फुलब्राइट-नेहरू, इनलॅक्स, जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही भारतीयांना परिचित नावेही पदवीनंतरच्या शिक्षणाशी जोडलेली आहेत. बारावीनंतर थेट निघणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पैशाचा मुख्य उगम कॉलेजच्या तिजोरीत असतो. ही एक गोष्ट न कळल्यामुळे मराठी घरांत काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यांची किंमत शेवटी आई-वडिलांच्या ठेवींतून, प्रसंगी राहत्या घराच्या तारणातून चुकवावी लागते.

पहिली समजूत गुणांची. मुलगी बोर्डात चमकली, ऑलिंपियाडमध्ये पुढे गेली, म्हणजे मोठे कॉलेज तिला स्कॉलरशिप देणारच, असे धरून चालतात. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेपासून गुण आणि पैसा यांची सांगड घातलेली असल्यामुळे ही समजूत स्वाभाविक आहे. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीगमधले एकही विद्यापीठ गुणांवर शिष्यवृत्ती देत नाही. तेथे प्रवेश गुणवत्तेवर मिळतो, पैसा गरजेवर. शिकवणी फी, खोली, जेवण, पुस्तके, आरोग्यविमा आणि प्रवास मिळून वर्षाचा एकूण खर्च काढायचा, त्यातून कुटुंब जे देऊ शकते ते वजा करायचे, आणि उरेल ती गरज, असा हा हिशेब असतो. कुटुंब काय देऊ शकते हे कॉलेजच ठरवते. त्यासाठी अनेक खासगी कॉलेजे कॉलेज बोर्ड या संस्थेचा सीएसएस प्रोफाइल हा अर्ज भरून घेतात. त्यात पालकांचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक, स्थावर मालमत्ता, कर्जे, घरातील इतर शिकणारी मुले असे सगळे विचारले जाते. आकडे रुपयांत देता येतात. जोडीला आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ किंवा मालकाचे पगारपत्र लागते. शेती किंवा छोटा धंदा असलेल्या घराला आपले उत्पन्न कागदावर दाखवणे अवघड जाते. अशा वेळी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि परिस्थिती समजावणारे साधे पत्र सोबत द्यावे. मदत कचेरीतील माणसांना जगभरातून असे कागद येत असतात.

हिशेबाची ही रीत मराठी मध्यमवर्गाच्या किती सोयीची आहे, हे फारसे ध्यानात येत नाही. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि त्या मानाने नेहमीची मालमत्ता असलेल्या कुटुंबांकडून काहीच न घेण्याचे ठरवले, आणि तेथील मदतीचे धोरण राष्ट्रीयत्व पाहून बदलत नाही. ८५ रुपयांचा डॉलर धरला तर ही मर्यादा ८५ लाख रुपयांची होते. जिल्हा परिषदेतला शिक्षक, बँकेतला अधिकारी, पुण्यातला बहुतेक पगारदार तिच्या आत येतो. छापील खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे आहे हे वाचून पान उलटणारे कुटुंब दुसऱ्यासाठी असलेला भाव आपला समजून परत फिरते.

गुणांवर पैसा देणारी कॉलेजेही आहेत, आणि त्यांत चांगली कॉलेजे पुष्कळ आहेत. मात्र तेथील मोठमोठ्या नावांच्या शिष्यवृत्त्या बऱ्याचदा छापील फीवरची सवलतच असतात. तेथील विद्यापीठांच्या वित्त अधिकाऱ्यांची नॅकुबो ही संघटना दरवर्षी पाहणी करते. तिच्यानुसार खासगी कॉलेजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या छापील शिकवणी फीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम सवलतीत सोडून देतात. ६० हजार डॉलरच्या खर्चावर २० हजारांची ‘प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप’ मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्या घराने उरलेल्या ४० हजारांना चाराने गुणून पाहिलेले नसते. त्या पत्रातील पहिला आकडा अभिमानाचा आहे. पण निर्णय शेवटच्या आकड्यावर व्हायला हवा.

देणाऱ्याचा हेतू ओळखला की ही रचना स्पष्ट होते, आणि महाराष्ट्राला त्याचा जुना अनुभव आहे. १९०६ मध्ये सावरकर लंडनला गेले ते श्यामजी कृष्ण वर्मांमार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही, ही त्या पैशामागची अट होती. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवणारी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार तिला जोडलेला होता. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये त्यांना लंडनमधले शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर. पैशामागे कोणाची तरी गरज किंवा श्रद्धा उभी असते. आजच्या अमेरिकी कॉलेजला वर्गात जगभरची मुले हवी असतात, वाद्यवृंदाला व्हायोलिन वाजवणारा हवा असतो, आणि पूर्ण फी भरणारेही हवे असतात. एन्डाउमेंट म्हणजे देणगीदारांचा कायम निधी जितका मोठा, तितके पूर्ण फी भरणाऱ्यांवरचे कॉलेजचे अवलंबित्व कमी. हार्वर्डचा असा निधी ५० अब्ज डॉलरच्या पुढे आहे. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात दोन हजारांहूनही कमी विद्यार्थी आहेत, आणि निधी ३ अब्जांहून अधिक आहे. आयोवातील ग्रिनेलचे नाव महाराष्ट्रात क्वचितच कोणी ऐकलेले असते. तेथेही सतराशेच्या आसपास विद्यार्थ्यांमागे २ अब्ज डॉलरहून मोठा निधी आहे. म्हणून मदत शोधणाऱ्याने क्रमवारीपेक्षा दर विद्यार्थ्यामागचा निधी पाहावा. प्रसिद्ध सरकारी विद्यापीठे देणाऱ्याच्या हेतूमुळेच निराश करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस ही केंद्रे परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर मदत देत नाहीत. ती त्या राज्याच्या करदात्यांसाठी उभी आहेत, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याकडे तेथे फी भरणारा म्हणूनच पाहिले जाते.

दुसरी समजूत अशी की मदत मागितली की प्रवेश जातो. यात तथ्य आहे, आणि ते झाकून चालणार नाही. बहुसंख्य कॉलेजे परदेशी अर्जदाराच्या बाबतीत ‘नीड-अवेअर’ असतात: प्रवेशाचा निर्णय घेताना तो किती पैसे मागतो आहे हे त्यांच्यासमोर असते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली रक्कम ठरलेली असते, आणि ती संपल्यावर चांगल्या अर्जालाही नकार जातो. पण यावरून निघणारा निष्कर्ष, म्हणजे मदत न मागताच अर्ज करावा, हा चुकीचा आहे. मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची आर्थिक स्थिती निर्णयात आणतच नाहीत आणि निवडलेल्याची संपूर्ण गरज भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही नावे अनेक वर्षांपासूनची; २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडिनने तसे जाहीर केले, आणि ब्राउनने २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून ते धोरण लागू केले. येथे मदत मागण्याने काहीच बिघडत नाही; फक्त दार अतिशय अरुंद आहे, हार्वर्डमध्ये शंभरातल्या पाचांनाही प्रवेश मिळत नाही. दुसरा गट नीड-अवेअर आहे, पण ज्याला घेतो त्याची पूर्ण गरज भागवतो. ग्रिनेल, स्वार्थमोर, विल्यम्स, वेस्लियन ही त्यातली कॉलेजे. गरजू पण तयारीच्या विद्यार्थ्याने सर्वाधिक लक्ष द्यावे असा हा गट आहे, आणि नेमका तोच आपल्याकडच्या सल्ल्यांत सर्वात कमी आढळतो. उरलेली कॉलेजे प्रवेश देतात, पण गरज आणि मदत यांमधला खड्डा तसाच ठेवतात.

केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजचे उदाहरण या सगळ्याहून वेगळे आहे. ते कोणाकडूनच शिकवणी फी घेत नाही. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा खर्च ते भागवते, आणि त्या बदल्यात प्रत्येकाला आठवड्यातून किमान दहा तास कॉलेजचे काम करावे लागते. घेतले जाणारे परदेशी विद्यार्थी थोडे असतात, पण अशी संस्था अस्तित्वात आहे हे प्रत्येक गरीब आणि होतकरू मुलापर्यंत पोचायला हवे.

‘आधी प्रवेश घेऊ, पैशाचे नंतर पाहू’ ही तिसरी समजूत सर्वात घातक आहे. अनेक कॉलेजांचा नियम लेखी असतो: परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या अर्जासोबत मदत मागितली नसेल, तर पुढची चारही वर्षे त्याला ती मागता येणार नाही. शिवाय पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय दाखवल्याशिवाय कॉलेज व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद देत नाही, आणि तो नसेल तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाण्यात अर्थ नाही. तेथे पोचल्यावर काम करून फी भरू, हेही हिशेबात बसत नाही. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येते, आणि पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. तासाला १५ डॉलर आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तरी ९ हजार डॉलर होतात. त्यात पुस्तके, फोन आणि थंडीचे कपडे निघतील. ८० हजारांचा खर्च निघणार नाही.

बाहेरच्या शिष्यवृत्त्यांच्या लांबलचक याद्या मुलांचे महिनेच्या महिने खातात. त्यांतल्या बहुतेक अमेरिकी नागरिकांसाठी असतात. एखादी मिळालीच, तर पुष्कळ कॉलेजे तेवढीच रक्कम आपल्या मदतीतून कमी करतात आणि घराचा भार तसाच राहतो. अर्ज करण्यासाठी आधी पैसे मागणारी किंवा शिष्यवृत्तीची हमी देणारी जाहिरात तर दूरच ठेवावी. खरोखर मोठे असे बाहेरचे पैसे कॉलेजमधूनच वाहतात. टाटा ट्रस्टने २००८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाला दिलेल्या निधीतून तेथील गरजू भारतीय विद्यार्थ्यांना मदत मिळते. ती कॉर्नेलकडे मदत मागितल्यावरच मिळते. दुसरी वाट पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातून जाते. १९९७ पासून तेथे असलेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात अकरावी-बारावीच्या वयात प्रवेश मिळतो आणि गरजेनुसार मदतही. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतून बाहेर पडलेले विद्यार्थी अमेरिकेतील सहभागी कॉलेजांत गेले, तर डेव्हिस कुटुंबाच्या देणगीतून त्यांच्या मदतीसाठी त्या कॉलेजांना पैसा मिळतो. म्हणून या वाटेचा विचार दहावीतच करावा लागतो.

राहिली कर्जाची बाजू. कर्ज काढून परदेशी शिकणे ही स्वाभिमानाची रीत आहे आणि मदत मागणे म्हणजे हात पसरणे, असे मानणारी घरे कमी नाहीत. दोन वर्षांच्या एम.एस.साठी कर्जाचे गणित काही विषयांत जमते. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचीच संख्या मोठी आहे. २०२३-२४ मध्ये सुमारे ३ लाख ३१ हजार भारतीयांपैकी पदवीपूर्व वर्गांत ३६ हजारांच्या आसपासच होते. एम.एस.साठी मदत थोडी मिळते, तर विज्ञान-अभियांत्रिकीतील पीएच.डी.ला बहुधा फीमाफी आणि मासिक विद्यावेतन दोन्ही मिळतात. पण पदवीचा चार वर्षांचा पूर्ण खर्च कर्जावर उभा करायचा, तर ३ लाख २० हजार डॉलर म्हणजे पावणेतीन कोटींच्या आसपास रुपये उभे करावे लागतात, आणि शिक्षण चालू असतानाही त्यावर व्याज चढत राहते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संचिताने बांधलेल्या कॉलेजच्या निधीतून गरजेनुसार वाटा मागण्यात कमीपणा काहीच नाही. तो पैसा देणगीदारांनी त्याचसाठी ठेवला आहे.

शोधाचा क्रम यातूनच ठरतो. अकरावीत घराने वर्षाला जास्तीत जास्त किती देता येईल, हा आकडा मुलासमोर ठेवावा. मग कॉलेजांच्या संकेतस्थळांवरील खर्च-गणकात घरचे उत्पन्न आणि मालमत्ता भरून येणारे उत्तर त्या आकड्याशी ताडून पाहावे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा गणक आहे का हे तपासावे, कारण अमेरिकनांचा गणक त्यांच्या केंद्रीय मदतीसकट उत्तर देतो. प्रत्येक कॉलेजला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: परदेशी विद्यार्थ्याची गरज पूर्ण भागवता का, मदत मागण्याचा प्रवेशावर परिणाम होतो का, आणि पहिल्या वर्षी न मागितल्यास पुढे मागता येते का. सीएसएस प्रोफाइल १ ऑक्टोबरला खुला होतो; लवकरच्या फेरीचे अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमारास, नेहमीचे जानेवारीच्या आरंभी जातात. अर्ली डिसिजन ही बांधील फेरी आहे, तरी दिलेली मदत पुरेशी नसेल तर विद्यार्थ्याला मोकळे केले जाते. अर्जाची फी जड जात असेल तर ती माफ करण्याची विनंती ईमेलने करता येते, आणि बरीच कॉलेजे ती मान्य करतात.

उत्तरे मार्चअखेर येतात आणि १ मेपर्यंत कळवायचे असते. मधल्या महिन्यात मदतीचे पत्र ओळ न् ओळ वाचावे: अनुदान किती, कॅम्पसवरच्या कामातून अपेक्षित कमाई किती, कर्ज किती, आणि मदत दर वर्षी खर्चाबरोबर वाढणार की त्याच आकड्यावर राहणार. उत्पन्न घटले असेल, आजारपण आले असेल किंवा दुसऱ्या कॉलेजने अधिक दिले असेल, तर कागदांसह फेरविचाराची विनंती करावी. एक वजावट आधीच धरून ठेवावी: शिकवणी फी आणि पुस्तकांपलीकडचे, म्हणजे खोली-जेवणासाठीचे अनुदान परदेशी विद्यार्थ्याला करपात्र असते आणि कॉलेज त्यातून साधारण १४ टक्के कर कापून घेते. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला विवरणपत्रात तेथील प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे कापलेल्या रकमेतला बराच भाग पुढच्या वसंतात परत मागता येतो.