अकरावी-बारावीचे मूल घरात आहे? न्यायालयाच्या निर्देशांमधून तुम्ही काय घ्याल

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ निर्देश दिले. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा तपास हा मूळ विषय होता. तपास सीबीआयकडे देताना न्यायालय त्यापुढे गेले आणि शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लास, वसतिगृहे या सर्वांना लागू होतील असे नियम घालून दिले. कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

बातमी तुम्ही वाचली असेल. पण त्यातून तुमच्या घरापर्यंत काय पोहोचते, हे बहुतेक पालकांना कोणी समजावून सांगितलेले नाही. ओपीडीत डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येणारी बारावीची मुले रोज दिसतात. त्यांच्या आई-वडिलांना मी जे सांगतो, तेच इथे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी आकडा नीट वाचा

न्यायालयाने निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ची आकडेवारी दिली आहे. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या २,२४८ मृत्यूंचे थेट कारण 'परीक्षेतील अपयश' असे नोंदले गेले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नापास होणे हे कारण सुमारे सहात एका मृत्यूमागे नोंदले गेले. बाकीच्या मुलांच्या बाबतीत नोंदीत दुसरे काहीतरी आहे: घरातले ताण, आजारपण, नातेसंबंध किंवा कारणच न कळणे. पोलिसांच्या नोंदीत एकच कारण लिहिले जाते आणि प्रत्यक्षात ते एकटे क्वचितच असते, हेही लक्षात ठेवा. 'आमची मुलगी हुशार आहे, तिला कसला ताण' हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचे वाटते. चांगले गुण मिळवणारे मूल सुरक्षित आहे, असा याचा अर्थ होत नाही.

स्पर्धेचे गणितही माहीत असू द्या. २०२५मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे सर्वांनी जीव तोडून अभ्यास केला तरी वीसपैकी जवळपास एकोणीस जणांना ती जागा मिळणार नव्हती. हे मुलाला घाबरवण्यासाठी सांगू नका. जागा न मिळणे म्हणजे मुलाने कामचुकारपणा केला असे नव्हे, हे तुमच्या स्वतःच्या मनात पक्के होण्यासाठी हा आकडा आहे.

निर्देशांमध्ये उपयोगाचे काय आहे

सर्वांत जास्त चर्चा झाली ती समुपदेशकाची. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. त्यापेक्षा लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी औपचारिक व्यवस्था करायची आहे. चांगली गोष्ट आहे, पण १०० मुलांनाही एक आणि २,००० मुलांनाही एकच असे झाले तर त्या एका माणसाकडून फार अपेक्षा ठेवता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या प्रमाणात समुपदेशक असावेत असे निर्देशांत आहे, प्रमाण किती ते नाही.

माझ्या मते जास्त महत्त्वाचा निर्देश दुसराच आहे. गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे आणि झेपणार नाही असे लक्ष्य देणे संस्थांनी टाळावे, असे न्यायालय म्हणते. आपल्याकडे 'स्टार बॅच', 'टॉपर बॅच' ही जाहिरातीतली अभिमानाची गोष्ट असते. दर रविवारच्या टेस्टनंतर रँकची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. खालच्या तुकडीत ढकललेल्या मुलाला 'आपण कमी आहोत' हे आठवड्यातून सहा दिवस वर्गाच्या दारातच कळते. अशा मुलाला महिन्यातून एकदा समुपदेशकाने धीर देऊन फारसे साधत नाही. या निर्देशात मात्र 'शक्य तितके' अशी सवलत आहे, आणि तिचा फायदा घेतला जाणार हे उघड आहे. म्हणून विचारायचे काम तुमच्यावर येते.

प्रवेश घेताना किंवा आत्ताही, क्लासच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारा: तुकड्या कशा पाडता? रँक ग्रुपवर टाकता का? समुपदेशक कोण, त्यांचे शिक्षण काय, मुलाला त्यांच्याकडे कधी जाता येते? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, असे स्पष्ट लिहिले आहे. मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी, आणि वसतिगृहात असेल तर तिथली व मेसचीही फी, परत मिळावी असेही आहे. या सूचना आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांवर आहे, त्यामुळे क्लासवाले हात वर करू शकतात. तरीही हा मुद्दा माहीत असलेला बरा. 'दोन लाख भरलेत, आता सोडता येणार नाही' या एका वाक्यापायी मुले महिनोन्महिने नको त्या ठिकाणी अडकून राहतात.

लातूर, नांदेड, पुणे किंवा कोटा इथे खोली घेऊन राहणाऱ्या मुलांबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. 'इंटिग्रेटेड' किंवा टाय-अप पद्धतीत मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असते आणि दिवस जातो क्लासमध्ये. अशा वेळी महाविद्यालय म्हणते जबाबदारी क्लासची आणि क्लास म्हणतो महाविद्यालयाची. मूल जेवते का, झोपते का, हे पाहणारी व्यक्ती नक्की कोण, तिचे नाव आणि फोन नंबर तुमच्याकडे असला पाहिजे. मेसवाल्या मावशी असल्या तरी चालतील. बऱ्याचदा 'पोरगं चार दिवस जेवायला आलं नाही' हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

शरीर आधी बोलते

या वयातली मुले 'मला उदास वाटतंय' असे क्वचित म्हणतात. डोके दुखते, टेस्टच्या दिवशी पोट बिघडते, छातीत धडधडते, मुलींची पाळी अनियमित होते. यांपैकी काही तक्रारींमागे रक्तक्षय किंवा थायरॉईडचा त्रास असू शकतो, म्हणून तपासणी जरूर करा. पण रिपोर्ट नॉर्मल आले की 'काही नाही, नाटक आहे' असे म्हणू नका. दुखणे खरेच असते.

चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय वयात येताना झोपेचे घड्याळ नैसर्गिकरीत्याच पुढे सरकते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत जागे राहणे हा केवळ मोबाइलचा दोष नसतो. अशा मुलाला पहाटे चारला उठवून बसवले तर तास वाढतात, लक्षात राहणे कमी होते. दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. एनर्जी ड्रिंक आणि रात्री बारानंतरची कॉफी बंद करा. 'स्मरणशक्ती वाढवणारी' सिरप आणि गोळ्या यांवर पैसे घालवू नका. निरोगी मुलाच्या गुणांत त्यांनी भर पडते याचा भरवशाचा पुरावा नाही. एकाग्रतेसाठी मित्राकडून घेतलेली गोळी तर अजिबात नको. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची औषधे असतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बदललेली असेल, आवडत्या गोष्टीत मन लागत नसेल, मित्र तुटले असतील, चिडचिड अचानक वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलणे, जिवलग वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे मेसेज पाठवणे, स्वतःला इजा करणे यांत दोन आठवडे थांबायचे नसते. त्याच दिवशी मदत घ्या आणि तोपर्यंत मुलाला एकटे ठेवू नका.

तेव्हा सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का तुला?' असे विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात जाते, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर रागावू नका, रडून मुलालाच तुमचे सांत्वन करायला लावू नका. ऐका, जवळ बसा आणि फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार मिळतो.

'रेकॉर्डवर येईल' ही भीती मला बहुतेक घरांत ऐकू येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. क्लास किंवा महाविद्यालयाला निदान सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही.

दुसरा रस्ता निकालाआधी

बहुतेक घरांत 'नाहीच लागला नंबर तर' हा विषय अशुभ मानून टाळला जातो. मग निकालाच्या दिवशी, सगळ्यांचा पारा चढलेला असताना, तो पहिल्यांदा निघतो. हे बोलणे डिसेंबर-जानेवारीतच होऊ द्या. जीवशास्त्र घेतलेल्या मुलासमोर एमबीबीएसखेरीज नीटमधूनच बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आहे. एमएचटी-सीईटीतून फार्मसी आणि कृषी आहे. बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. बारावीत विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. रिपीट करायचे का, हेही आधीच ठरवा, आणि किती वेळा तेही. तिसऱ्यांदा रिपीट करण्याचा निर्णय मुलाचा आहे की तुमचा, हे मुलाला एकटे असताना विचारून बघा. उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला तर तो वेळ त्याला द्या.

टेस्टहून आलेल्या मुलाला पहिला प्रश्न 'किती पडले?' असतो. पुढच्या रविवारी त्याऐवजी 'जेवलास का रे?' एवढे विचारून पाहा. गुण तो सांगेलच, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. आणि ग्रुपवर रँकची यादी आली तर ती त्याच्यासमोर उघडू नका.