शिकाऊ म्हणून वगळलेले

युद्धाचा हिशेब मांडताना आपण मोहिमांतले मृत्यू मोजतो; शिकता शिकता मेलेले तळटीपेत जातात. ही वाटणी मला मुळातच मान्य नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लॉसीमाउथचा विमानतळच घ्या. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश हवाई दलाने तेथे वेलिंग्टन या बॉम्बफेकी विमानांचे प्रशिक्षण पथक उभे केले. अशा तळांवर वैमानिक, दिशादर्शक, तोफची यांना एका मोठ्या दालनात सोडून देत आणि सांगत, आपापले सोबती निवडा. (सोयरीक जुळवताना आपण याहून अधिक चौकशी करतो!) वाट्याला विमाने येत ती बहुधा आघाडीवर झिजलेली. ३१ डिसेंबर १९४० रोजी लॉसीमाउथचे असेच एक विमान सरावाला निघाले. बर्फाच्या माऱ्यात त्याचे एक इंजिन बंद पडले. वैमानिकाने ते लॉख नेस सरोवरात उतरवले. बाकीचे वाचले, हवाईछत्री घेऊन उडी मारलेला शेपटाकडचा तोफची तेवढा गेला. १९८५ मध्ये ते विमान बाहेर काढले, आज ते ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात आहे.

बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण युद्धात मेले. त्यांतले आठ हजारांहून अधिक सरावात आणि अन्य अपघातांत. बरे, शिकाऊ आणि लढाऊ ही रेघ तरी कुठे पाळली गेली? ३० मे १९४२ च्या रात्री कोलोनवर हजार विमाने धाडायची म्हणून प्रशिक्षण पथकांचीच शेकडो विमाने काढली. काहींत शिकणारी मुलेही होती. हजाराचा आकडा पुरा झाला, गाजला. तेव्हा त्यांना शिकाऊ म्हणून कोणी वगळले नव्हते.