धाव

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या टायरांवर लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. माझ्या पत्नीलाही तसेच वाटले. पण सबंध 2025 साल आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, तेव्हा दिवाळी अंकाला मी दुसरे काय देणार?

आमचे थोरले बंधू गंगापूर तालुक्यात, गंगथडीच्या अंगाला शेती करतात. दादा, वहिनी आणि आमची आई शेतातल्या वस्तीवरच राहतात. दादांचा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. 2024 च्या दिवाळीनंतर त्याने एक जुनी थार घेतली. म्हणजे 2020 च्या ऑक्टोबरात जी नवी थार निघाली, तिच्यातली एक. चारी चाकांना जोर मिळणारी गाडी. आम्हां सर्वांना ती पुरेशी दांडगी वाटली. पुतण्याला मात्र पहिल्या दिवसापासून तिची चाके लहान वाटू लागली.

"काका, हिला मोठे मड टायर टाकायचेत."

"तुझ्या लग्नाचे बघ आधी," मी म्हणालो. या वाक्याचा पुढे मला पश्चात्ताप झाला, तो कसा ते सांगतोच.

जून महिन्यात एका रविवारी तो मला जालना रोडवरच्या एका टायरच्या दुकानात घेऊन गेला. टायरच्या अंगावर जे आकडे असतात ते मी आयुष्यात प्रथमच वाचले. 285/75 आर 16. वृत्ताचे गण पाडायची सवय असल्यामुळे मी लगेच फोड करू लागलो आणि थक्क झालो. एकाच ओळीत तीन मापे! पहिला आकडा रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, पण तो माप नव्हे, रुंदीचा शेकडा हिस्सा. आणि शेवटचा आतल्या लोखंडी चाकाचा, तो इंचांत. इतका छंदोभंग कोणत्याही नवकवीने केला नसेल. तरी हिशेब जमतो. गाडीचे मूळचे टायर 245/75 आर 16, त्यांची उभी उंची सुमारे 774 मिलिमीटर. नवे भरले सुमारे 834. म्हणजे फरक 60 मिलिमीटरचा.

"म्हणजे गाडी 60 मिलिमीटर उचलणार," मी विद्वत्तेने म्हणालो.

दुकानातला कारागीर नम्रपणे हसला. "सर, 30. चाकाचा मध्य अर्ध्यानेच वर जातो. बाकीचे 30 वरच्या बाजूला, मडगार्डच्या पोकळीत जातात."

वर्गात मला कोणी इतक्या सौम्य शब्दांत दुरुस्त केले असते तर बरे झाले असते.

हे वर गेलेले 30 मिलिमीटर म्हणजेच सगळी कटकट. स्टीअरिंग पूर्ण वळवले की रबर मडगार्डला घासते. म्हणून मग स्प्रिंगांखाली दोन इंचांचे तुकडे बसवून गाडीचा वरचा सांगाडा उचलायचा. गंमत अशी की त्यामुळे गाडी उंच दिसते, पण खालचा आस जिथल्या तिथेच राहतो. तो फक्त टायरनेच वर जातो. शिवाय वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. तो 60 दाखवतो तेव्हा गाडी 64-65 ने धावत असते. चाक जड, त्यामुळे ते फिरवायला आणि थांबवायला दोन्हीला जास्त जोर लागतो. आणि डांबरी रस्त्यावरून जाताना त्या जाडजूड ठोकळ्यांचा असा घुमणारा आवाज होतो की क्रांती चौकात लोक मागे वळून पाहतात. पुतण्याला तेच आवडले असावे, असा माझा समज.

परत येताना मी त्याला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम ऐकवले. नोंदणीपत्रातला तपशील आणि कारखान्याने ठरवून दिलेले माप यांच्याशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "काका, आजीला बाजेवर नेलं तेव्हा तुम्ही नव्हता."

खरेच नव्हतो. 2024 च्या पावसाळ्यात आई चूल पेटवताना चक्कर येऊन पडली. वस्तीपासून डांबरी सडक तीन किलोमीटर. मधली गाडीवाट म्हणजे काळी माती. चौघांनी आईला बाजेवर घातले आणि गुडघाभर चिखलातून तीन किलोमीटर वाहून नेले. खांदा देणाऱ्यांत पुतण्या होता. त्या दिवशी मी कुठे होतो, हे वाचकांना सांगायला लाज वाटते. मी महाविद्यालयात 'ग्रामीण साहित्यातील वास्तव' या विषयावर व्याख्यान देत होतो. टाळ्याही चांगल्या पडल्या होत्या. आई शहरात यायला तयार नाही आणि ती वाट अजून तशीच आहे. मुलाने मग आपल्या हाती होते ते केले. टायर घेतले.

आमची ही काळी माती मोठी इरसाल. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तोच दगड हजारो वर्षे झिजून तिची झाली. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी होते. फरक इतकाच की लोणी हाताला सोडते. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले ते कुरुक्षेत्रावर. तो गंगापूर तालुक्यात लढला असता तर शापाचीही गरज पडली नसती.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने हाहाकार केला. एका सकाळी दादांचा फोन आला. आईला दोन दिवस ताप होता आणि आता धाप लागली होती. पुतण्याने गाडी काढली. या वेळी मी न विचारताच शेजारी जाऊन बसलो.

सडक सोडल्यावर पहिले दोन किलोमीटर गाडी अशी गेली की मी मनातल्या मनात 52 वे कलम मागे घेतले. वस्तीचे लिंबाचे झाड दिसू लागले आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे चाके फिरत होती, गाडी जागेवर. खाली उतरून पाहतो तो टायरच्या ठोकळ्यांमधल्या सगळ्या फटी मातीने लिंपून गेलेल्या. त्या फटींनी वेगाने फिरताना चिखल झटकून टाकावा अशी योजना असते. पण आमची माती झटकली जाईल तर ना! इतक्या पैशांचे टायर कुंभाराच्या चाकावरच्या गोळ्यासारखे गुळगुळीत झाले होते. पुतण्या ॲक्सिलरेटर दाबू लागला तसे मागचे चाक खाली खाली जाऊ लागले.

शेजारच्या वस्तीवरचे एक मामा खुरपे घेऊन धावत आले. "फिरवू नको रे, ईहीर खांदतूस का?" म्हणाले. मग त्यांनी खुरप्याने फटी मोकळ्या केल्या आणि मागल्या सालच्या पऱ्हाट्यांच्या दोन मोळ्या चाकांपुढे अंथरल्या. पुतण्याने टायरमधली हवा 18 पौंडांवर आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो, भार वाटला जातो आणि पकड वाढते. गाडी हळूच वर आली. पुढे मामांनी तिला बैलगाडीच्या जुन्या चाकोरीने नेले. 'चाकोरी सोडा' असे मी दरवर्षी निरोप समारंभात मुलांना सांगत असतो.

मामा म्हणाले, "ह्याच्यापरीस आमची धाव बरी."

'धाव' हा शब्द किती वर्षांनी ऐकला! बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठ्या हे सुताराचे काम आणि त्यावरची लोखंडी धाव लोहाराची. ते कडे चाकापेक्षा किंचित लहान करायचे, गोवऱ्यांच्या आरात लाल तापवायचे म्हणजे फुगते, ते चाकावर चढवायचे आणि वर पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन ते आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. ही धाव अरुंद असते, चाक उंच असते. चिखल कापून ते खालच्या कठीण थराला जाऊन टेकते. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत ज्या विलीस जीपा जोडायला सुरुवात केली, त्या जीपचा टायरही सहा इंचच रुंद असे. आमच्या टायरची रुंदी अकरा इंच! पसरट टायर वाळूत तरतो. चिकणमातीत तो न तरंगतो, न तळ गाठतो.

वस्तीवर आई पडवीत बसून होती. धापेतही तिने गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिले.

"हत्तीवर बसायचंय का रं मला?"

आणि तेव्हा आम्हां दोघांच्या ध्यानात आले. टायरचे 30 मिलिमीटर आणि स्प्रिंगांखालचे दोन इंच मिळून दारचे पाऊल आईच्या मांडीपर्यंत आले होते. जून महिन्यापासून आम्ही चिखलाचा, कायद्याचा, काट्याचा विचार केला. चढणार कोण याचा केला नाही. वहिनींनी माठ उतरवून घडवंची आणली, ती दाराशी लावली आणि आई नातवाचा खांदा धरून आत चढली. सडकेला लागल्यावर पंपाने पुन्हा हवा भरली. दुपारी बारापर्यंत आम्ही शहरात दवाखान्यात होतो. चार दिवसांनी ताप उतरला.

दसऱ्यानंतर पुतण्याने ते टायर आणि स्प्रिंगांखालचे तुकडे दोन्ही काढून टाकले. आता मड टायरच आहेत, पण मूळच्या 245 च्या मापाचे. काटाही खरे बोलतो. घडवंची मात्र अजून गाडीतच आहे, आणि वस्तीवर माठ चार विटांवर ठेवलेला आहे म्हणून वहिनी मला फोनवर ऐकवतात.