गळाविना चारा

भाताचा कोंडा तव्यावर खमंग भाजायचा, शेंगदाण्याची पेंड आणि शिळा भात कालवून घट्ट गोळे वळायचे. पाण्यात गोळा तळाशी बसून हळूहळू विरघळतो आणि वासावर मासे जमतात. सैल वळलेला वरच फुटतो, चारा वाहून जातो. गळ टाकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. पण महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत चारा पडतो तो गळाविना! वरदायिनीच्या दर्शनाला आलेल्यांनी कुरमुरे टाकले, की महसीर तोंडं उघडून वर येतात. देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी मारत नाही. माझ्या लेखी हीच खरी मत्स्यशेती. तिथे जाल तेव्हा मूठभरच टाका आणि कुरमुऱ्यांची पिशवी परत आणा.