पाणी संपल्यावर काय?

पेट्रोल इंजिनात पाण्याचा फवारा मारणे हा खुळचटपणा नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलच्या कित्येक पट. त्यामुळे टर्बोने दाबलेली तापलेली हवा थंडावते, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचे अवेळी भडकणे, टळते आणि जादा ताकद काढता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांनी हेच केले. मात्र टर्बो नसलेल्या साध्या गाडीत टाळण्याजोगे नॉकिंग सहसा नसतेच. तिथे मायलेज वाढल्याच्या गप्पा मला पटत नाहीत.

खरी मेख पाणी संपल्यावर कळते. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला पाणी-मिथेनॉलची टाकी होती. मालक ती भरायला विसरत, आणि बऱ्याच गाड्यांचा टर्बो पुढे काढूनच टाकला गेला. ‘बीएमडब्ल्यूनेही एम४ जीटीएसमध्ये पाणी वापरलेच की,’ असे हौशी मंडळी म्हणतील. वापरले, पण पाणी संपले की तिथला संगणक बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, उतरवतो, ठिणगीची वेळ पुढे ढकलतो. घरगुती जुळणीत बूस्ट आधीच वाढवलेला आणि राखणीला कोणी नाही. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी नोझल तुंबले, तरी पिस्टन वितळेपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही. फ्लो सेन्सर बसवून, धार थांबताच बूस्ट आपोआप उतरेल अशी सोय करणाऱ्याशी माझे भांडण नाही. नुसता पंप आणि नोझल जोडून बूस्ट चढवणाऱ्याशी आहे.